पीळ

तुमच्या मोरीत ओतलेले पाणी पुढे कोठे जाते, याचा तुम्ही कधी विचार केला आहे काय? मी वयाच्या ६१ व्या वर्षापर्यंत केला नव्हता. ३४ वर्षे मी एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवले. नदीचा उगम, तिची वळणे, तिचा संगम यांवर मुलांकडून कितीतरी निबंध लिहून घेतले; परंतु माझ्याच स्वयंपाकघरातून निघणारे पाणी कोणत्या वाटेने जाते, हे मला सांगता आले नसते. तुमच्यापैकी अनेकजण दिवसभराची नोकरी आटोपून, घर निजल्यावर हे पान उघडत असतील. भांडी घासून झालेली असतील, मोरी धुतलेली असेल. पाणी गेले की विषय संपला, असे आपण सारेच मानतो. ते जायचे थांबते तेव्हा विचार सुरू होतो.

आमच्याकडे ते तीन वर्षांपूर्वी, वसुबारसेच्या दोन दिवस आधी थांबले.

निवृत्त झाल्याबरोबर आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेचे चिटणीसपद माझ्या गळ्यात पडले होते. ‘तुम्हांला आता वेळच वेळ आहे’ एवढीच माझी पात्रता. पुण्यातील एका अरुंद बोळातली ही इमारत १९७४ साली बांधलेली. १६ बिऱ्हाडे, मागे चिंचोळे अंगण आणि त्या अंगणात कोणीही न लावलेला, आपोआप उगवून तिसऱ्या मजल्यापर्यंत पोहोचलेला उंबर. त्याचे आम्हां सर्वांना कौतुक. दर गुरुवारी त्याला पाणी घालणाऱ्या दोघीतिघी आमच्याकडे आहेत. उंबराने आपल्या पाण्याची सोय स्वतःच केव्हाच करून ठेवली होती, हे मात्र कोणालाच ठाऊक नव्हते.

तळमजल्यावरच्या मोऱ्यांतून काळे पाणी उलटे वर येऊ लागले, तेव्हा ड्रेनेज साफ करणाऱ्या एका गृहस्थांना बोलावणे गेले. साठीच्या घरातले, बुटके, कमी बोलणारे. सारा बोळ त्यांना ‘मामा’ म्हणतो. मीही तसेच म्हणू लागले. सोबत त्यांचा विशीतला भाचा होता. मामांनी पहारीने एकेका चेंबरचे झाकण उचलले. इमारतीच्या मागून फाटकापर्यंत अशी चार चेंबरे आहेत. पहिली तीन काठोकाठ भरलेली, चौथे कोरडे. म्हणजे अडथळा तिसऱ्या आणि चौथ्याच्या मध्ये, हे मलाही कळले. त्या दोहोंमधला पाईप सुमारे ४० फूट लांबीचा आणि ६ इंच व्यासाचा. भाजलेल्या, चकचकीत मातीचे असे पाईप गवंडी ‘स्टोनवेअर’ या नावाने ओळखतात. ते तुकड्या-तुकड्यांनी येतात आणि सिमेंटने सांधले जातात. पन्नास वर्षांत एखाद्या सांध्याला केसाएवढी भेग पडते. मुळाला तेवढी पुरते. आत पाणी आहे, खत आहे. मूळ आत शिरते आणि तेथे त्याची जटा होते. मग कोणी टाकलेला कापडाचा तुकडा, कोणी ओतलेले तुपकट पाणी त्या जटेत अडकून राहते.

चौथे चेंबर साडेआठ फूट खोल आहे, कारण बोळातली मुख्य वाहिनी तेवढी खोल आहे. काम कोरड्या बाजूने, म्हणजे तेथूनच करावे लागणार होते. पाण्याच्या जोराने पाईप धुणारी जेटिंगची गाडी आमच्या बोळात शिरत नाही. म्हणून मामांनी त्यांचे केबलचे यंत्र आणले.

हे यंत्र तुम्ही कदाचित रस्त्याकडेला पाहिले असेल. बोटाएवढ्या जाडीची, स्प्रिंगसारखी वळलेली पोलादी केबल, तिच्या टोकाला पाती आणि मागे तिला गरगर फिरवणारी मोटर. १९३० च्या दशकाच्या सुमारास अमेरिकेतील आयोवा राज्यात सॅम्युअल ब्लँक या गृहस्थाने असे यंत्र कपडे धुण्याच्या यंत्राची मोटर, रोलर स्केटची चाके आणि पोलादी केबल जोडून बनवले. त्याच्या मुलाच्या घरचा पाईप झाडाच्या मुळांनीच तुंबला होता. जगातल्या सगळ्या मुळांना एकच गोष्ट ठाऊक असावी!

मामांनी वरून चेंबरमध्ये एक वाकवलेला जाड पाईप सोडला, त्यातून केबल खाली नेऊन आडव्या पाईपात घातली आणि मोटर सुरू केली. केबल हळूहळू आत जाऊ लागली. साधारण २५ फुटांवर ती थबकली. मामांनी मोटर बंद केली, केबल थोडी मागे घेतली, पुन्हा सोडली, पुन्हा बंद केली. असे तासभर चालले. दिवेलागण झाली. मूळ जाड आहे, उद्या दुसरी पाती लावून सावकाश करू, असे ते म्हणाले.

मी तेथेच उभी होते. तळमजल्यावरच्या सुनेने सकाळपासून तीनदा येऊन विचारले होते. पहिल्या अंघोळीला १६ घरांतून पाणी सुटणार होते. मी म्हणाले, “मामा, दिवाळी तोंडावर आलीय. थोडा जोर लावा ना, आजच होऊन जाऊ द्या.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. “बाई, केबलला पीळ बसतोय.”

सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण मी किती वर्गांना शिकवली असेल याची गणती नाही. पीळ म्हणजे ऐट, पीळ म्हणजे ताठा, असे फळ्यावर लिहून दिले. पीळ हा शब्द वस्तूतून आला आहे आणि ती वस्तू माझ्यासमोर साडेआठ फूट खोल उभी आहे, हे माझ्या ध्यानात आले नाही. पुढचे टोक मुळात रुतलेले आणि मागचे टोक मोटर फिरवते आहे, अशा वेळी ते फिरणे जाते कोठे? ते केबलच्या अंगात साठत राहते. मग केबल मोकळी जागा शोधते आणि जेथे तिला आधार नसतो तेथे वेटोळे घालून उसळते. मी दुसऱ्यांदा म्हणाले, “एकदाच बघा तरी.” मामांनी खटका दाबला. दोनचार क्षण मोटरचा आवाज जड झाला, मग खालून लोखंडी कडाका आला आणि मोटर एकदम हलकी, मोकळी फिरू लागली.

केबल चेंबरच्या तळाशी, वाकवलेल्या पाईपाचे तोंड जेथे संपत होते तेथेच तुटली होती. २५ फूट केबल पात्यांसह आत राहिली आणि तिचे तुटके टोक झटक्याने मागे सरकून दिसेनासे झाले. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी झाकण अर्धे सरकवून वर काटक्या उभ्या केल्या, म्हणजे अंधारात कोणी पडू नये, आणि ते गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन अंगणात उतरल्यावर ते परत आले. त्यांनी माझ्याकडे दोन आरसे मागितले. भाच्याने एका आरशाने उन्हाचा कवडसा चेंबरमध्ये पाठवला. दुसरा आरसा मामांनी काठीला तिरका बांधून तळाशी, आडव्या पाईपाच्या तोंडासमोर धरला. कवडसा त्यावर पडून पाईपात शिरला आणि आतले सारे त्याच आरशात वर दिसू लागले. मी वाकून पाहिले. ओल्या, काळ्या गोलाच्या आत, तोंडापासून दीड हातावर, केबलचे तुटके टोक चकाकत होते. इतके जवळ, की हात घालून धरावे.

तेच वाक्य आमच्या अध्यक्षांनी उच्चारले. “अहो, हे तर हाताच्या अंतरावर आहे. पोरगा खाली उतरेल, दोरी बांधून वर येईल. दोन मिनिटांचं काम. पाचशे रुपये जास्त देऊ.” अंगणात सातआठजण जमले होते. कोणीतरी म्हणाले, झाकण रात्रभर उघडे होते, वायू केव्हाच निघून गेला असेल. भाच्याने मामांकडे पाहिले नाही. पाचशे रुपये हा त्याच्या बाजूने विचार करण्याजोगा आकडा होता. त्याने शर्टाची बटणे काढायला सुरुवात केली.

येथे मला तुम्हांला एक सांगायचे आहे आणि ते सांगण्यासाठीच हा लेख मी लिहिते आहे. मी गप्प राहिले. मी तीन बटणे मोजली. ज्या बाईने आदल्या संध्याकाळी दोनदा तोंड उघडले होते, तिला या वेळी एक शब्द सुचला नाही.

मला कायदा ठाऊक नव्हता म्हणावे तर तसेही नाही. अशा कामाला माणूस जुंपण्यावर बंदी घालणारा पहिला केंद्रीय कायदा १९९३ चा. पण तो प्रामुख्याने कोरड्या संडासांपुरता होता. २०१३ च्या कायद्याने गटारे आणि मैल्याच्या टाक्याही त्यात आणल्या. महापालिका असो, ठेकेदार असो की एखादी व्यक्ती असो, संरक्षक साधनांवाचून माणसाला गटारात उतरवणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. गटारात मरण पावलेल्या माणसाच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या मार्चमध्ये सांगितले. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ती रक्कम ३० लाख केली. तपशील मी नंतर वाचले, हे खरे. पण हे करू नये एवढे मला पक्के ठाऊक होते. अरुण ठाकूर आणि महंमद खडस यांचे ‘नरकसफाईची गोष्ट’ हे पुस्तक माझ्या कपाटात होते. मी ते वाचलेले होते. शाळेच्या ग्रंथालयासाठी त्याची शिफारसही केली होती. ते कपाट त्या चेंबरपासून दोन जिने वर होते.

“तो नाही उतरणार,” मामा म्हणाले. आवाज चढवून नव्हे. भाच्याला ते म्हणाले, “बटणं लाव.”

अध्यक्षांनी पुन्हा वायूचा मुद्दा काढला. खाली वासही फारसा येत नाही, असे ते म्हणाले. तेव्हा मामांनी जे सांगितले ते मी त्यांच्या शब्दांत देते, कारण माझ्या शब्दांत त्याचा धाक राहणार नाही. “साहेब, वास येतोय तोवर माणूस पळतो. वास यायचा थांबला की माणूस तिथंच बसतो. मी दोघांना बसलेलं बघितलंय. दुसरा पहिल्याला आणायला गेला होता.”

मैलापाणी साचून कुजले की त्यात हायड्रोजन सल्फाइड हा वायू तयार होतो. कुजक्या अंड्यांसारखा त्याचा वास प्रथम नाकाला तत्काळ कळतो. परंतु हवेच्या दहा लाख भागांत तो शंभर भागांच्या आसपास गेला, की वास घेण्याची शक्तीच बधिर होते. माणसाला वाटते, हवा निवळली. हा वायू हवेहून जड असतो, म्हणून तळाशी राहतो. शिवाय तो सगळाच काही आधीपासून हवेत नसतो. बराचसा पाण्यात आणि गाळात असतो आणि ढवळल्यावर उसळतो. झाकण रात्रभर उघडे राहिले म्हणून जे साचलेले पाणी अजून पाईपापलीकडे थांबले होते, त्यातला वायू निघून गेला नव्हता. हे रसायनशास्त्र मामांना कोणी शिकवले नव्हते. दोन माणसे शिकवून गेली होती.

मग काम सुरू झाले. माझ्या मते खरे कौशल्य पाहण्याचा तो दिवस होता. पण आदल्या दिवशी मी ते थांबू दिले असते तर तो दिवस आलाच नसता.

प्रथम त्यांनी दहा फुटी लोखंडी पाईपाला खाली एल्बो बसवला, त्यात आडवा हात घातला आणि हाताच्या टोकाला आकडा वेल्डिंग करून आणला. आरशात पाहत पाहत आकडा टोकापर्यंत नेला. तो लागला, ओढल्यावर सुटला. सहा वेळा लागला, सहा वेळा सुटला. केबल चिखलाने बुळबुळीत झाली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी गॅलरीतून सारे पाहत होत्या. त्या वरून म्हणाल्या, “अरे, गळ टाका गळ. विहिरीत पोहरा पडला की काय करत होता?”

मला आमच्या गावचा गळ आठवला. लोखंडी आकड्यांचा झुबका. आळीत एकच, आणि तो ज्याच्याकडे असे त्याच्या दारी भांडलेल्या जावाही जात. दोर तळाला टेकवून हळूहळू फिरवायचा, आकडा पोहऱ्याच्या कडीत शिरेपर्यंत. ओढण्याची घाई करणाऱ्याचा पोहरा पुन्हा बुडे. आजींचे बोलणे ऐकून मामा हसले. त्या दोन दिवसांत ते तेवढेच एकदा हसले. “फिरवायचाच आहे, आजी,” ते म्हणाले आणि वेल्डिंगवाल्याकडे परत गेले.

येताना त्यांच्या हाती सळईचा एक नागमोडी वेढा होता, दोन वितींचा, तोंडाशी जरा पसरट. तो त्यांनी उरलेल्या केबलच्या टोकाला घट्ट बसवला आणि वाकवलेल्या पाईपातून खाली सोडला. मोटर जोडलीच नाही. हाताने, एकेक वेढा देत, केबलचे वेढे ज्या दिशेने होते त्याच दिशेने ते फिरवू लागले. सळईचा वेढा तुटक्या टोकावर स्क्रूसारखा चढत गेला. उलट फिरवले असते तर उतरला असता. किती वेढे दिले ते मी मोजले नाही. ऊन अंगणातून निघून गेले, आरसे निरुपयोगी झाले आणि ते हातांनाच लागणाऱ्या अंदाजाने फिरवत राहिले. एका क्षणी ते थांबले. “धरली.”

ओढायला तिघेजण पुढे आले. मामांनी दोघांना मागे पाठवले. “झटका नको. ताण द्यायचा, सोडायचा.” ताण, ढील, ताण, ढील. दर वेळी केबल बोटभर पुढे येई आणि अर्धे बोट मागे जाई. त्यांनी सर्वांना चेंबरपासून दूर उभे केले. लोखंडी पाईप तेवढा भिंतीला टेकून आत उभा होता. घराघरांतून नळ बंद ठेवण्याचा निरोप गेलाच होता.

पाचच्या सुमारास केबल एकाएकी हातभर आली. आतून आधी घरघर ऐकू आली, मग धबधबा. दिवसभर, रात्रभर, तीन चेंबरांत आणि पाईपात दाबून राहिलेले सारे एका वेळी चौथ्या चेंबरमध्ये कोसळले. काळे पाणी भिंतीला लागून वर चढले, फेसाळले, काही क्षण तसेच राहिले आणि मग मुख्य वाहिनीकडे उतरू लागले. त्याच्याबरोबर जो वास वर आला, त्याने आम्ही सगळे जिन्यापर्यंत मागे सरलो. मामा आणि भाचा आधीच वाऱ्याच्या वरच्या बाजूला जाऊन उभे होते. केबलचा शेवटचा भाग बाहेर आला तेव्हा पात्यांभोवती मुळांची जटा होती, नारळाएवढी, तांबूस, आणि अजून जिवंत.

नंतर भाच्याने तो दहा फुटी लोखंडी पाईप वर काढला. पाणी जेथवर चढले होते तेथे त्यावर ओली, काळी रेघ उमटली होती. धुण्यासाठी त्याने पाईप फरशीवर उभा धरला. रेघ त्याच्या छातीवर, दुसऱ्या आणि तिसऱ्या बटणाच्या मध्ये आली. त्याला ते दिसले असावे. त्याने घाईने पाईप आडवा केला. मी अध्यक्षांकडे पाहिले. तेही तिकडेच पाहत होते.

मी चहा पाठवला होता, कागदी पेल्यांतून. घरात बारा कप होते. हे मला रात्री आठवले.

मामांनी मजुरी ठरल्याप्रमाणेच मागितली. तुटलेल्या केबलबद्दल अक्षर काढले नाही. हत्यार आपले, नुकसान आपले, असा त्यांच्या धंद्याचा रिवाज असावा. दिवाळीनंतरच्या सभेत मी केबलच्या पैशांचा विषय मांडला. इतिवृत्त लिहिण्याचे काम माझेच असते. पहिल्या मसुद्यात मी लिहिले होते : ‘काम चालू असताना केबल तुटली. ती काढण्याच्या पर्यायांवर चर्चा झाली.’ व्याकरणदृष्ट्या दोन्ही वाक्ये निर्दोष आहेत. तुम्ही भाषेचे विद्यार्थी आहात, तेव्हा त्यांत कर्ता कोण आहे ते पाहा. ‘तुटली’ या क्रियापदाला तोडणारा लागत नाही. ‘चर्चा झाली’ याला बोलणारा लागत नाही, आणि गप्प राहणारा तर मुळीच लागत नाही. ३४ वर्षे मी मुलांना प्रयोग ओळखायला लावले होते.

दोन्ही वाक्ये खोडून मी नव्याने लिहिले : ‘मामांनी थांबण्यास सांगितले असता चिटणीसांनी दोन वेळा जोर लावण्याचा आग्रह केला, त्यामुळे केबल तुटली. ती काढण्यासाठी कामगाराला चेंबरमध्ये उतरवण्याची सूचना अध्यक्षांनी केली. चिटणीसांनी विरोध केला नाही. मामांनी नकार दिला.’

सभेत ते वाचून दाखवले. खजिनदार म्हणाले, “एवढं कशाला? ‘तुटली’ म्हटलं असतं तरी चाललं असतं.” अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि शेवटी, “राहू द्या,” म्हणाले. नव्या केबलची रक्कम मंजूर झाली. उंबराचे काय करायचे, हा विषय पुढच्या सभेवर गेला.